आण्णांचा आकडा

लोकांच्या घरी दिवाळी तिथीप्रमाणे येते. माझ्या घरी ती वीस तारीख उलटल्यावर येते. दर महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचं विवरणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत रिटर्न, भरायची मुदत संपते आणि सरकारी पोर्टलला लक्ष्मीपूजन कळत नाही. अंघोळ उरकून लॅपटॉपपुढं बसलेला नवरा माझ्या बायकोनं इतक्यांदा पाहिलाय की आता ती काही बोलत नाही. फराळाची बशी फक्त कीबोर्डापासून लांब ठेवते. एकदा शंकरपाळ्याचा चुरा बटणांत गेला होता आणि पाच हा आकडा उमटायचाच बंद झाला होता.

अशा माणसाला संपादकांनी 'व्यवसायातले गमतीदार अनुभव' लिहायला सांगितलं. 'गमतीदार' हा शब्द वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो.

मी कर सल्लागार आहे. सीए नव्हे, वकीलही नव्हे, पण नोटीस आली की लोक मला 'वकीलसायेब' म्हणतात आणि फी मागितली की 'तो जीएसटीवाला'. मूळचा मी वडूजचा. काही वर्षं पलूसला बसलो, मग बायकोची शाळेची नोकरी जतला आली म्हणून इथं आलो. छोट्या दुकानदारांची खरेदी-विक्रीची बिलं घ्यायची, ती लिहायची, कर काढायचा आणि मुदतीत भरायचा, एवढंच माझं काम. सांगायला एक वाक्य लागतं. करायला डोळे, पाठ आणि झोप लागते.

या कामातलं अवघड काय, असं कुणी विचारलं तर लोकांना वाटतं हिशेब अवघड असेल. हिशेब सोपा असतो. पलूसचा एक बेकरीवाला मला वर्षाची बिलं सिमेंटच्या पोत्यातून आणून देतो. कार्यालयात दोन दिवस खारीचा वास येतो, निम्मी बिलं तुपकट असतात, काहींची टोकं उंदरांनी खाल्लेली. तीही जुळतात एकदाची. अवघड असतं ते त्याला समजावणं की गल्ला वेगळा आणि खिसा वेगळा. सकाळी गल्ल्यातनं भाजी आणली, दुपारी पोराची फी भरली, संध्याकाळी मेव्हण्याला हातउसने दिले, आणि रात्री तो मला फोनवर विचारणार, "सायेब, एवढा खप हाय, मग पैसं जात्यात कुटं?" मी दर वर्षी सांगतो की दुकानाचं बँक खातं वेगळं काढा, घरी महिन्याला ठरावीक रक्कम न्या. तो दर वर्षी "व्हय, आता तेच करतो" म्हणतो. आम्ही दोघंही आता या बोलण्याला सणासारखं धरतो.

पण हिशेबापेक्षाही मला म्हातारं केलंय ते ओटीपीनं. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. रिटर्न तयार झालं की शेवटी मालकाच्या मोबाइलवर सहा आकडी संकेतांक येतो. तो पोर्टलवर टाकला म्हणजे मालकानं सही केली असं धरतात. थोड्या वेळात टाकला नाही तर तो बाद होतो, दुसरा मागवावा लागतो. आता वीस तारखेला मालक कुठं असतो? लग्नात. मोटारसायकलवर. दाढीच्या खुर्चीत. नाहीतर फोन बायकोकडं असतो आणि बायको माहेरी असते. माझ्या आयुष्यातले कितीतरी तास "जरा मेसेज बघा की" या चार शब्दांत गेले. आमच्या वडूजचे एक निवृत्त सुभेदार तेवढे अपवाद. त्यांचं किराणा दुकान आहे. फोन एका रिंगमध्ये उचलतात, आकडे खड्या आवाजात सांगतात आणि वर "रिपीट करतो" म्हणून पुन्हा सांगतात. सगळे असे असते तर मी आज दहा वर्षांनी तरुण दिसलो असतो.

आणि सगळ्यांत उलट टोकाला होते मायाप्पा आण्णा. लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

जतच्या पूर्वेकडच्या एका गावात आण्णांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. त्यांचा थोरला मुलगा बिरू बारावी झाला, जतच्या एका दुकानात कामाला लागला, पाइप, ठिबक आणि मोटारीचं सामान यांचा धंदा शिकला आणि बाजारपेठेत स्वतःचा गाळा घेऊन माझ्याकडं नोंदणीसाठी आला. कागदपत्रं त्यानं नीट लावून आणली होती. फक्त सगळी वडिलांच्या नावाची होती.

मी म्हटलं, "दुकान तू चालवणार ना? मग नोंदणी तुझ्या नावानं कर."

"आसं कसं सायेब? आण्णा बसल्यालं असताना माझं नाव? गाळाबी तेंच्या नावावर घेतलाय. आमच्यात पयली वस्तू थोरल्याच्या नावानंच घेत्यात."

हे मला नवीन नव्हतं. आमच्या भागात दुकानं, गाड्या, बोअर, गॅसची जोडणी, सगळं कुणाच्या तरी मानानं कुणाच्या तरी नावावर असतं. कागदावरचा मालक आणि गल्ल्यावर बसलेला मालक एकच निघाला तर मला चुकल्यासारखं होतं. मी त्याला सांगितलं की कागदावर मालक तो खरा मालक, नोटीस आली तर त्यालाच येणार, ओटीपीही त्याच्याच फोनवर. बिरू हसला. "आण्णांकडं फोन हाय की." पाटी लागली, 'मायाप्पा पाइप सेंटर'. आण्णा उद्‌घाटनाला आले, नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी मेंढरांकडं परत गेले.

आण्णांकडं फोन होता हे खरं. बटणांचा होता. चार्जिंग पुरावं म्हणून ते तो दिवसभर बंद ठेवत आणि फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाला घालत. पाऊसकाळ सरला की कळप घेऊन ते खाली नदीकाठच्या मुलखाकडं जात, पलूसच्या आसपास शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत, रानाला खत आणि यांना धान्य. उन्हाळा उलटला की परत. म्हणजे 'मायाप्पा पाइप सेंटर'चे मालक वर्षातले बरेच महिने कुठल्या ना कुठल्या माळावर असत.

पहिल्या वीस तारखेला बिरूनं निरोपावर निरोप धाडून त्यांचा फोन चालू करून घेतला. मी संकेतांक मागवला आणि फोन लावला.

"आण्णा, मी जतहून बोलतोय. बिरूच्या दुकानाचं काम बघतो. तुमच्या फोनवर आत्ता मेसेज आलाय, त्यातले आकडे सांगता का?"

पलीकडून वाऱ्याचा आवाज आला. मग आण्णांचा.

"हितल्या हाटेलवाल्यानं वाचून दावला. कुनाला सांगू नका म्हनून लिवलंय त्यात."

"ते चोरांसाठी लिहिलंय, आण्णा."

"मग तुमी चोर न्हाई कशावरनं?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दरम्यान संकेतांक बाद झाला. मी दुसरा मागवला. आण्णा म्हणाले, "आदी सांगा, ह्यो आकडा कशापायी?"

मी दमलो होतो. त्या दिवशीची अजून बारा रिटर्नं बाकी होती. पण का कोण जाणे, खुर्ची मागं सरकवली आणि सांगायला लागलो.

"आण्णा, तुमच्या कळपात दुसऱ्याची मेंढरं राखायला असतात का?"

"हायत की."

"ती तुम्ही विकता का?"

"आवं, दुसऱ्याची कशी इकीन?"

"तसंच आहे हे. बिरूनं पाइप विकला की गिऱ्हाईक किमतीवर कर देतं. तो कर बिरूचा नाही, सरकारचा. महिनाभर त्याच्याकडं राखायला असतो. बिरूनं कंपनीकडनं माल आणताना काही कर आधीच दिलेला असतो, म्हणजे तेवढी मेंढरं आधीच पोचली. उरलेली वीस तारखेला पोचती करायची. आणि पोचती करताना मालकानं हो म्हणायचं. तो आकडा म्हणजे तुमचं हो."

पलीकडून आण्णा म्हणाले, "आसं व्हय. मग लिवा."

एवढा चांगला समजावलेला कर मी नंतर कधी समजावला नाही. पदवीधर दुकानदारांना मी तक्ते काढून दाखवलेत, तरी ते मला विचारतात, "हा टॅक्स आमच्या खिशातून का?"

आण्णांनी आकडे सांगायला सुरुवात केली आणि मी पुन्हा अडकलो. "एंटु. एरडु. सोन्ने." आण्णांचं लहानपण आजोळी, सीमेपलीकडं कर्नाटकात गेलेलं. बोलणं मराठी, पण मोजणं कानडी. मेंढरं त्यांनी जन्मभर कानडीतच मोजली. फोनवरचे आकडे त्यांना ओळखता यायचे, पण तोंडानं उच्चारायचे ते कानडीतच. मी वडूजचा माणूस, मला ओंदु म्हणजे एक, याच्या पुढं काही ठाऊक नाही. तो संकेतांकही बाद झाला. तिसऱ्या वेळी शेजारच्या, कानडी येणाऱ्या झेरॉक्सवाल्याला बोलावून कानाला फोन लावून उभं केलं तेव्हा बिरूचं पहिलं रिटर्न गेलं. त्या संध्याकाळी बायकोनं शाळेतल्या सहकारी बाईंकडून कानडी आकडे कागदावर लिहून आणले. तो कागद अजून माझ्या स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला आहे, तरी आता त्याची गरज लागत नाही.

हळूहळू आमची पद्धत बसली. दुपारी मेंढरं झाडाखाली दाटीवाटीनं बसतात, तेव्हा राखणाऱ्याला उसंत मिळते. वीस तारखेला त्या वेळी आण्णा जवळच्या उंचवट्यावर चढायचे, फडकं सोडायचे, फोन चालू करायचे आणि उभे राहायचे. मी इकडून संकेतांक मागवायचा. आण्णा वाचायचे. शेवटी न चुकता विचारायचे, "गेली का समदी?" मी म्हणायचो, "गेली." मग ते "बरं, जातो, मेंढरं उठली" म्हणत आणि फोन बंद होई. तारीख चुकू नये म्हणून ते वाटेतल्या गावांत "आज कितवी?" विचारत असत आणि "वीसला माझा आकडा आस्तोय" असं सांगत. त्यामुळं दोन-तीन गावांत लोकांना हे आजोबा मटका खेळतात असं वाटू लागलं होतं. एका हॉटेलवाल्यानं तर बिरूला गाठून सांगितलं, "म्हाताऱ्याला आवर, ह्या वयात आकडा लावतोय."

मी कंटाळत नव्हतो असं नाही. ऐन गर्दीच्या दिवशी एका रिटर्नसाठी दुपार राखून ठेवायची म्हणजे चैनच. अनेकदा मी बिरूला म्हटलं, नंबर बदलून तुझा टाकू. तो म्हणे, "ऱ्हाऊ दे की, आण्णांला बरं वाटतंय."

मग एका महिन्यात बिरू म्हणाला, "सायेब, या महिन्याचं जरा थांबा."

पुढच्या महिन्यातही तेच. कर भरल्याशिवाय रिटर्न जात नाही आणि कराचे पैसे खात्यावर नव्हते. बिरूनं माल पोचवायला टेम्पो घेतला होता आणि पहिला हप्ता गिऱ्हाइकांकडून जमलेल्या करातून दिला होता. नवीन दुकानदार नेमके इथंच घसरतात. खात्यावर रक्कम दिसते, ती आपली वाटते. त्यांच्या मनात चोरी नसते, 'पुढच्या महिन्यात भरू' एवढंच असतं. पण पुढच्या महिन्याला स्वतःचा कर असतो, मागच्याचं व्याज असतं, उशिराचा दंड असतो. शिवाय बिरूचं रिटर्न नाही म्हणजे त्याच्याकडून माल घेणाऱ्या ठेकेदाराला त्या कराची वजावट मिळेना. त्याचे दोन मोठे ठेकेदार सांगलीच्या दुकानाकडं वळले. मी रागावलो, समजावलं, एकदा तर फोन आपटला. बिरू प्रत्येक वेळी मान खाली घालून "आठ दिवसांत करतो" म्हणायचा.

असे सहा-सात महिने गेल्यावर शेवटी जीएसटी कार्यालयातला एक कर्मचारी पाहणीला दुकानात आला. त्यानं विचारलं, "मालक कुठंत?" बिरू माल घेऊन बाहेर गेलेला. शेजारच्या दुकानदारानं अगदी खरं ते सांगितलं, "मालक? ते मेंढरं घिऊन पलूसकडं गेल्यात." चारच दिवसांनी नोटीस आली. नोंदणी का रद्द करू नये, मालकानं स्वतः हजर राहून सांगावं.

बिरू ती नोटीस घेऊन माझ्यासमोर बसला. "सायेब, नोंदणी गेली तर कंपनी माल द्यायची न्हाई. एजन्सी जाईल. मग माझ्याम्होरं काय हाय? परत मेंढरंच की." मग म्हणाला, "मेंढरं वाईट न्हाईत. आण्णांनी जलम काढला. पर मला उन्हाळ्यात रानोमाळ न्हाई जमत, ल्हानपनी लय केलंय. लेकरं शाळंत हायत माझी." मला त्याचा राग आला होता तो तिथंच मावळला. या पोराचं दुकान वाचायला हवं असं मला फार मनापासून वाटलं.

सुनावणीच्या दिवशी मी आण्णांना पहिल्यांदा पाहिलं. उद्‌घाटनाला मला जमलं नव्हतं, ओळख ती फोनवरची. आवाजावरून मी उंच माणूस धरला होता. आण्णा माझ्या खांद्याला लागत होते. लाल पटका, खांद्यावर घोंगडं. दाराशी वहाणा काढल्या, काठी भिंतीला टेकवली. आत जाण्याआधी बिरूनं त्यांना बजावलं, "आण्णा, त्या अधिकारी बाई काय बी इचारू देत, दुकान माझंच हाय म्हना. बाकीचं सायेब बगत्यात." आण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मान हलवली की नाही ते मला कळलं नाही.

अधिकारी बाई मध्यम वयाच्या होत्या, टेबलावर फायलींचा ढीग, चेहरा माझ्यासारखाच दमलेला. त्यांनी आधी आण्णांना बसायला खुर्ची दिली. मग साधेपणानं विचारलं, "आजोबा, दुकान तुमचंच ना?"

"न्हाई," आण्णा म्हणाले.

मी डोळे मिटले. बिरूनं खाली बघितलं.

"बोर्डावर तर तुमचं नाव आहे."

"ते पोरानं मानानं लावलंय. दुकान बिरूचं हाय. मी मेंढरं राखतो."

"मग दुकानातली विक्री, खरेदी, तुम्हाला काय माहिती आहे?"

"मला येवडंच म्हाईत हाय, की त्यात दुसऱ्याची मेंढरं आस्त्यात, ती वीसला पोचवायची. मी आकडा सांगत हुतो." मग ते माझ्याकडं वळले. "पर लय म्हैनं झालं, आकडा आला न्हाई. तवाच वळखलं, कायतरी बिगाडलंय. पोराला इचारायला जीब उचलली न्हाई." आणि बिरूकडं न बघता त्यांनी बाईंना विचारलं, "खाल्ली का तेनं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या जबाबावर नोंदणी तिथल्या तिथं रद्द करता आली असती, आणि मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. त्यांनी आधी मला झाडलं, मग बिरूला. मग म्हणाल्या, "थकलेली सगळी रिटर्नं व्याजदंडासह भरा, मी नोटीस मागं घेते. आणि त्यानंतर ज्याचं दुकान त्याच्या नावावर आणा. वडिलांचा मान घरी ठेवा, कागदावर नको." बाहेर पडताना त्यांनी आण्णांना नमस्कार केला.

पैशाचा प्रश्न आण्णांनीच सोडवला. त्यांच्या कळपात माडग्याळी जातीचे दोन मेंढे होते, पोटच्या पोरागत वाढवलेले. बाजारात त्यांना चांगलं मोल येतं. बिरू माझ्या कार्यालयात रडला, "आण्णा, मेंढं नका इकू, मी टेम्पो इकतो." आण्णा म्हणाले, "टेम्पो तुझ्या पोटाचा हाय. ऱ्हाऊ दे. दुसऱ्याचं जित्राप आपल्या कळपात हाय, आदी ते पोचीव." मेंढे विकले गेले आणि पुढचे दोन दिवस मी थकलेली रिटर्नं एकामागून एक भरली. आण्णा माझ्या शेजारीच बसून होते, प्रत्येक आकडा सांगत आणि प्रत्येक वेळी "गेली का?" विचारत. शेवटचं गेलं तेव्हा मी चहा मागवला. आण्णा तो बशीत ओतून प्याले आणि गेले.

मग मी सगळं रीतसर केलं. बिरूच्या नावानं नवी नोंदणी काढली, शिल्लक माल आणि शिल्लक वजावट तिकडं नेली, आण्णांच्या नावाची जुनी बंद केली. पाटीवरचं 'मायाप्पा' तसंच ठेवता येतं, फक्त खाली मालक म्हणून बिरूचं नाव हवं, हे सांगितल्यावर बिरूचा जीव भांड्यात पडला. मोबाइल नंबर अर्थातच बिरूचा टाकला. एक ठेकेदार परत आला. बिरूनं कराच्या पैशासाठी वेगळं बँक खातं काढलं आणि त्या खात्याला तो हातही लावत नाही. माझ्या सगळ्या अशिलांत एवढं एकच दुकान मला शिकवता आलं असं म्हणता येईल.

पुढच्या वीस तारखेला बिरूचा ओटीपी मी मागायच्या आत आला. मी खूश झालो. दुपार मोकळी, डबा वेळेवर. तोंडात घास होता तेवढ्यात फोन वाजला. आण्णांचा होता, त्यांनी स्वतःहून कधी लावला नव्हता.

"सायेब, आकडा आला न्हाई."

वाऱ्याचा आवाज नेहमीचाच होता. पण आण्णांचा आवाज वेगळा होता, दबका. "मेंढरं बसल्यापासनं हुबा हाय मी. बिरूनं परत काय केलं का?"

मी घास गिळला. "नाही आण्णा, सगळं भरलं. वेळेत. आता नोंदणी बिरूच्या नावावर झाली ना, आकडा त्याच्या फोनवर येतो. तुम्हाला आता त्रास नाही."

मग आण्णा म्हणाले, "मग मला कसं कळायचं?"

मी म्हणणार होतो की बिरूला फोन करून विचारत जा. पण ते तर त्यांनी ते सगळे महिने केलं नव्हतं. 'पोराला इचारायला जीब उचलली न्हाई' असं त्यांनी सुनावणीत सांगितलं होतं, ते मला आठवलं. आम्ही त्यांचा त्रास काढला असं मी धरून चाललो होतो. पोराच्या दुकानाचं त्यांना जे काही कळत होतं ते त्या आकड्यावरूनच, आणि तेही आम्ही बंद केलं होतं. मला फार वाईट वाटलं. "आण्णा, उद्या याच वेळी फोन चालू ठेवाल का?" एवढंच विचारलं. "ठिवतो," ते म्हणाले.

संध्याकाळी बिरूला बोलावून सांगितलं. आधी त्याचा चेहरा पडला. "म्हंजी आण्णांचा माझ्यावर इस्वास न्हाई अजून?" मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही. पण पोराचं दुकान नीट चाललंय हे महिन्यातनं एकदा स्वतःच्या कानानं ऐकायचं असतं त्यांना." बिरू बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिला, ती स्वच्छच होती. मग स्वतःचा फोन माझ्यापुढं सरकवला. "बदला नंबर. आण्णांचाच टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोर्टल उघडलं. इतकी वर्षं ज्या ओटीपीला मी शिव्या घातल्या, तो माझ्याच हातानं पुन्हा माळावर धाडत होतो. माझी बायको शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा द्यायला आली होती, ती स्क्रीनकडं बघून म्हणाली, "तुम्हाला निवृत्त व्हायचंच नाहीये." नंबर बदलायचा तर नव्या नंबरवरही संकेतांक येतोच. मी तो मागवला आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"आलाय," आण्णा म्हणाले. "लिवा. आरु. सोन्ने. नाल्कु."

मी लिहीत गेलो. कडेच्या कागदाकडं बघावं लागलं नाही. सहावा आकडा टाकला, पडद्यावर हिरवी खूण आली.

"गेली का समदी?"

त्या दिवशी जायचं असं काहीच नव्हतं, रिटर्न तर कालच गेलं होतं. पण मी म्हटलं, "गेली, आण्णा. सगळी पोचली. बिरूनं वेळेत पोचवली."

"बरं," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा झाला होता. "जातो. मेंढरं उठली."